'लागू नाही' लिहिण्याआधी गेटवरचं मस्टर मागवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत एका कंपनीत एचआरमध्ये आहात. अमेरिकेतल्या मुख्य कंपनीकडून दरवर्षी पगार-समानतेचा तक्ता भरायला येतो आणि त्यात गोरे, काळे, लॅटिनो अशा वंशांनुसार पगारातला फरक विचारलेला असतो. भारताच्या रकान्यात तुमचे साहेब 'लागू नाही' असं लिहून मोकळे होतात. तुम्हाला ते खटकलं. आपल्याकडे वंश नसेल, पण म्हणून काहीच नाही का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि महिन्याच्या पगारात दोन-चार हजारांचा फरक राहिला तर त्याने समाजाचं असं काय बिघडतं, हा दुसरा.

तो तक्ता आपल्याला लागू आहे. पण ज्या पद्धतीने तो भरला जातो त्या पद्धतीने आपल्याकडचा फरक कधीच दिसणार नाही, कारण आपल्याकडे फरक दरात कमी आणि दारात जास्त असतो. कोणाला कोणत्या कामाच्या दारापर्यंत पोचू दिलं जातं, तिथेच पगार ठरून जातो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९७ साली मी रबाळ्याच्या एका रसायन कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात, लागले. गेटवर कार्डांचे दोन रॅक होते. पांढरं कार्ड कायम कामगाराचं, पिवळं टेम्पररीचं. तिसऱ्या प्रकारच्या माणसांना कार्डच नव्हतं. त्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागायची आणि ती वही महिनाअखेरीला माझ्या टेबलावर यायची. मस्टर (हजेरीपट) लिहिणाऱ्याच्या हाताखालून आडनावं जातात, गावं जातात. तीन-चार महिन्यांतच माझ्या लक्षात आलं की पांढऱ्या कार्डांवरची आडनावं आणि त्या वहीतली आडनावं एकमेकांत फारशी मिसळत नाहीत. आणि वहीतही दोन थर होते. प्रॉडक्शनला हेल्पर म्हणून जाणारे वेगळे. संडास, गटार आणि ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेची) टाकी साफ करणारे वेगळे. दुसऱ्या थरातली जवळजवळ सगळी माणसं दोन-तीन समाजांतली होती. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी ठरवलंय असंही वाटत नव्हतं. पण वर्ष उलटलं, ठेकेदार बदलला, माणसं बदलली तरी थर तसेच राहिले.

त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. संडास साफ करणाऱ्या एका बाईंनी कँटीनला बदली मागितली. काम भांडी घासायचं आणि भाजी चिरायचं. कँटीन हेल्परला अर्धकुशलचा दर होता आणि सफाईला अकुशलचा, म्हणजे नुसत्या बदलीने पगार वाढणार होता. मॅनेजरची हरकत नव्हती. हरकत घेतली कायम कामगारांनी. 'आम्ही तिथं जेवतो,' एवढंच ते म्हणाले. बदली झाली नाही. कंपनीचा पगाराचा तक्ता तपासायला त्या दिवशी जगातला सगळ्यात कडक ऑडिटर आला असता, तरी त्याला भेदभाव सापडला नसता. सगळ्या सफाई कामगारांना सारखाच दर, सगळ्या कँटीन हेल्परना सारखाच दर.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी चांगली मिळायची, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी बदलताना त्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि एकाच धोट्याला दोघांचं तोंड लागलेलं सवर्ण विणकरांना चालत नव्हतं. म्हणून दलित कामगार कमी मजुरीच्या, सूतकताईच्या रिंग खात्यात अडकून पडले. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न लावून धरला होता. धोटा गेला, गिरण्याही गेल्या. आज घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये स्वयंपाकाच्या मावशींना किती देतात, केर-लादीला किती आणि संडास-बाथरूमला किती, हे विचारा. आणि स्वयंपाकाला बाई ठेवताना आधी काय विचारतात तेही विचारा. उत्तर ऐकताना धोट्याची आठवण होते.

आता अमेरिकेकडे वळू, कारण तुमचा तक्ता तिथून येतो आणि तिथला इतिहास तुमच्या साहेबांना समजावून सांगायला उपयोगी पडेल.

तिथेही सुरुवात दारापासूनच झाली. १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा केंद्रीय कायदा आला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. तीन वर्षं आधी आलेल्या सामाजिक सुरक्षा कायद्यातही तेच झालं होतं. कायद्यात 'काळ्यांना वगळा' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार नेमक्या याच दोन कामांत होते. काम वगळलं की माणसं आपोआप वगळली जातात. उलट बाजूही बघा. १९६६ च्या दुरुस्तीने शेती, हॉटेलं, लाँड्री, शाळा, शुश्रूषागृहं अशी कामं किमान वेतनाखाली आणली गेली. एलोरा देरेनोंकूर आणि क्लेअर मॉन्तियालू या अर्थतज्ज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की त्यानंतरच्या काही वर्षांत काळ्या-गोऱ्यांच्या कमाईतली जी दरी कमी झाली, तिच्यातला पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग या एका दुरुस्तीमुळे होता. कुणाचं मन बदलायची वाट न बघता, त्या कामांना दर लावल्यामुळे ही दरी आटली. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

मेम्फिसची घटनाही सांगते, कारण ती सफाई कामगारांची आहे. १ फेब्रुवारी १९६८ ला तिथे कचऱ्याच्या गाडीवर काम करणारे एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे पावसापासून आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या भागात बसले होते. कचरा दाबणारं यंत्र अचानक चालू झालं आणि दोघे चिरडून मेले. सुमारे १,३०० काळे सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता, 'मी माणूस आहे' एवढंच लिहिलेलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठिंब्यासाठी मेम्फिसला आले होते आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. आपल्याकडे टाकीत, गटारात उतरून माणसं आजही गुदमरून मरतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं बेकायदा ठरवलं आहे, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली आहे. पण टाकीत उतरणाऱ्या माणसाचा रोजचा दर अजूनही 'अकुशल' या सदरात लावला जातो. वायूचा अंदाज घेऊन, वेळ मोजून, दोरीवर जीव टांगून करायचं काम अकुशल कसं? दराचं सदर लावणाऱ्याने कामापेक्षा काम करणाऱ्याकडे पाहिलेलं असतं.

या दोन देशांचं नातं आपण आज जोडत नाही आहोत. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जी दाद मागत होते तिची प्रत त्यांना हवी होती. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने आपल्या भेदभावबंदी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. ज्या देशातून तुमचा तक्ता येतो, तिथल्या एका शहराने जात लागू केली आहे आणि आपण महापेत बसून 'लागू नाही' लिहितोय.

आता तुमच्या तक्त्याच्या पद्धतीबद्दल. इथे थोडं थांबावं लागेल, कारण चूक इथे होते आणि ती प्रामाणिक माणसांकडूनही होते.

१९७३ साली रोनाल्ड ऑक्साका आणि अॅलन ब्लाइंडर या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळं काम करताना एकच रीत मांडली. दोन गटांच्या पगारातल्या फरकाचे दोन भाग करायचे. शिक्षण, अनुभव, पद यांच्यामुळे पडलेला फरक हा 'समजावता येणारा' भाग. सगळं सारखं असूनही उरतो तो 'समजावता न येणारा' भाग. भेदभाव म्हणून दुसऱ्या भागाकडे बोट दाखवलं जातं. रीत चांगली आहे, मीही वापरते. पण कंपन्यांच्या अहवालात काय होतं? पद, ग्रेड, विभाग, कायम की कंत्राटी हे सगळं आधी वजा केलं जातं आणि मग 'उरलेला फरक फक्त एक टक्का' असं मोठ्या अक्षरात छापलं जातं. अहो, ग्रेड आणि विभाग वजा केल्यावर उरणार काय? सगळा भेदभाव तर त्या वजाबाकीतच गेला! माझ्या त्या बाईंचं कँटीनला न जाणं या हिशोबात 'समजावता येणारा फरक' म्हणून बसतं.

भारतातला अभ्यासही हेच सांगतो. एस. माधेश्वरन आणि पॉल अॅटवेल यांनी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आकडेवारी घेऊन २००७ मध्ये शहरी पगारदारांचा हिशोब मांडला. सारखी पात्रता असूनही अनुसूचित जाती-जमातीच्या कामगारांना भेदभावामुळे १५ टक्के कमी पगार मिळतो, आणि सरकारीपेक्षा खासगी क्षेत्रात हे फार जास्त आहे. माझ्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे. एकाच कामाला कमी पगार देण्यापेक्षा चांगल्या कामापर्यंत पोचू न देणं, हा भेदभावाचा कितीतरी मोठा वाटा निघाला.

पोचू कसं दिलं जात नाही, तेही मोजलेलं आहे. सुखदेव थोरात आणि अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढची हाक येण्याची शक्यता ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट. माणूस बघितलेला नाही, आवाज ऐकलेला नाही, फक्त आडनाव. बॉस्टन आणि शिकागोत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी हाच प्रयोग केला होता. तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली.

आपल्या भागात आडनावाच्या जोडीला पत्ता असतो. वस्तीच्या नावातच कोण राहतं ते कळतं. आयटीआय केलेला एक मुलगा माझ्याकडे त्याच्या आईच्या पीएफच्या कामासाठी यायचा. त्याने अर्जांवर दिघ्याच्या वस्तीचा पत्ता देणं बंद केलं आणि ऐरोलीच्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या मावशीचा पत्ता द्यायला लागला. 'तेव्हापासून निदान फोन तरी येतो,' म्हणाला. वय तेव्हा एकोणीस. एकोणिसाव्या वर्षी आपलं घर लपवायला शिकावं लागणं, याची किंमत कुठल्या तक्त्यात लिहायची?

आणि मुलाखतीतला तो नेहमीचा प्रश्न, 'घरी कोण कोण असतं, वडील काय करतात?' तुम्ही एचआरमध्ये आहात म्हणून स्पष्ट सांगते. हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच वाईट करायचं नसतं. पण 'चांगल्या घरातला आहे' हे मत त्या उत्तरावरून बनतं, आणि वडील सफाईला आहेत असं सांगणाऱ्या मुलाचे गुण तिथेच दोन पायऱ्या खाली येतात. तो प्रश्न तुमच्या मुलाखतीच्या फॉर्ममधून काढून टाकणं ही फुकटात होणारी सुधारणा आहे.

आता दुसरा प्रश्न, समाजाचं काय बिघडतं.

महिन्याचा फरक लहान दिसतो कारण आपण एकच महिना बघतो. अमेरिकेत पूर्णवेळ काम करणाऱ्या काळ्या माणसाचा मध्यक (म्हणजे रांगेत बरोबर मधल्या माणसाचा) पगार गोऱ्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास आहे आणि कित्येक वर्षं तिथेच घुटमळतोय. पण संपत्ती बघा. २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आणि काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर होती. पगारात पाचव्या हिश्श्याचा फरक, संपत्तीत सहा पटींचा. पिढ्यान्‌पिढ्या साठलेली तूट, आणि घरं-कर्ज नाकारली गेल्याचा इतिहास, दोन्ही त्यात आहे.

नवी मुंबईत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नव्वदच्या दशकात पांढऱ्या कार्डवाल्या कामगाराने पगारपत्रक दाखवून कर्ज काढलं, पीएफमधून उचल घेतली आणि कोपरखैरणेत किंवा ऐरोलीत सिडकोचं छोटं घर घेतलं. त्याच गेटमधून आत जाणाऱ्या वहीतल्या माणसाकडे पगारपत्रकच नव्हतं. तो तुर्भे स्टोअरला, दिघ्यात, रबाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी झोपडीत राहिला. तेव्हा दोघांच्या हातात पडणाऱ्या रकमेत जो फरक होता तो भरून काढता आला असता. आज पहिल्याचं घर गहाण ठेवून त्याच्या मुलाचं इंजिनीअरिंग झालंय आणि दुसऱ्याची मुलगी दहावीनंतर त्याच इंजिनीअरच्या ऑफिसात लादी पुसते. पगारपत्रकाचा एक कागद होता आणि नव्हता, एवढ्यावर दोन घरांची पुढची पिढी फिरली.

ग्रॅच्युइटीचं उदाहरण आकड्यांत सांगते, म्हणजे तुम्हाला साहेबांपुढे मांडता येईल. एक सफाईच्या मावशी. ऑफिसात सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, अकरा वर्षांत कुणाला आडनाव विचारावंसं वाटलं नाही. अकरा वर्षं एकच गेट, एकच मजला. पण ठेकेदार चार झाले. दर वेळी नवा ठेकेदार नवी रुजू तारीख टाकायचा, पीएफचे क्रमांक चार पडले. कायद्याने ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन. हिशोब सोपा व्हावा म्हणून मूळ वेतन आणि भत्ता मिळून १३,००० धरू. भागिले २६ (महिन्यातले कामाचे दिवस), म्हणजे दिवसाचे ५००. गुणिले १५, म्हणजे वर्षाला ७,५००. अकरा वर्षांचे ८२,५००. कागदावर मात्र एकाही ठेकेदाराकडे पाच वर्षं भरलेली नाहीत, म्हणून हातात शून्य. त्यात रजेचे पैसे नाहीत, बोनस एका ठेकेदाराने दिला, तिघांनी बुडवला. आणि त्यातल्या एका ठेकेदाराचा सुपरवायझर सगळ्या बायकांची एटीएम कार्डं स्वतःकडे ठेवायचा. पगार पूर्ण जमा व्हायचा, किमान वेतनाचा कागद चोख, आणि दुसऱ्या दिवशी माणशी दोन हजार रुपये काढून घेतले जायचे. तुमच्या तक्त्यात या बाईंचा पगार 'कायद्यानुसार' असा दिसला असता.

त्यांच्याकडे जुने गेटपास जपून ठेवलेले होते, एका प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. चार रंगांचे पास, चार ठेकेदारांची नावं आणि चारही पासांवर खाली एकाच कंपनीचा शिक्का. त्या शिक्क्यावर आमची केस उभी राहिली. कंपनीने शेवटी तडजोड केली आणि पैसे दिले. त्यांच्याबरोबरच्या ज्या सहाजणींनी पास फेकून दिले होते त्यांना काही मिळालं नाही.

ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर, हिशोब याहून जुना आहे. आपल्या टॉवरच्या विटा पाडणारी कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जातात. भाव हजार विटांमागे ठरतो आणि तो जोडीचा असतो, नवरा-बायको मिळून. म्हणजे बाईच्या नावावर मजुरीचा आकडाच नाही. आठवड्याला खर्ची मिळते, हंगामाच्या शेवटी उचल वजा होते, आणि पुष्कळदा माणूस देणं घेऊनच घरी परततो. मुलं भट्टीवरच असतात, शाळेचा पट गावात पडून राहतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली. तिचा हिशोब करण्याची रीत अजून चालू आहे.

यावर कुणी म्हणेल, हे त्या समाजांचं झालं, बाकीच्यांचं काय बिघडलं? बाकीच्यांचंही बिघडलं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्याइतका स्पष्ट पुरावा त्याला दुसरा नाही. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये मांडलं होतं की दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या कामगाराला कमी पगार मिळत होता, पण काळ्याहून वरचढ असल्याचा एक मान त्याला पगारासारखा मिळत होता, आणि त्या मानापायी दोघे एकत्र आले नाहीत. आमच्या पट्ट्यात कायम कामगारांच्या बऱ्याच युनियननी वहीतल्या माणसांना सभासद करून घेतलं नाही. 'ते ठेकेदाराचे, त्यांचा आपला संबंध नाही.' मालकाला एवढंच हवं होतं. दोन हजारच्या दशकात व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या योजना, आल्या, पांढऱ्या कार्डांचा रॅक रिकामा होत गेला, आणि तीच कामं वहीतल्या दराने होऊ लागली. ज्यांनी 'आम्ही तिथं जेवतो' म्हटलं होतं, त्यांच्यातल्या दोघांची मुलं पुढे त्याच गेटवर ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलेली मी पाहिली. खालच्या पायरीचा दर स्वस्त ठेवला की वरच्या पायरीवरचं काम तिकडेच सरकतं. हे सांगताना मला कुणाची जिरली असं वाटत नाही. त्या मुलांनाही रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही.

उलट झालेलं उदाहरणही इथलंच आहे. ओझी वाहणाऱ्या माणसाला कोण विचारत होतं? अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळात नोंदणी, मजुरीवर मालकाकडून लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम), त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार. वाशीच्या बाजार समितीत आज माथाडीची मजुरी व्यापाऱ्याच्या मर्जीवर नाही. बाजारातला मालक बदलला तरी कामगाराची सेवा तुटत नाही, कारण तो मंडळाचा आहे. सफाईच्या कामाला अशी रचना का नाही, हा प्रश्न मी कित्येक वर्षं विचारते आहे. सफाई कामगारांच्या वाट्याला लाड-पागे समितीच्या शिफारशीतून वारसा हक्क आला. कायम सफाई कामगाराच्या जागी त्याच्या मुलाला नोकरी. मी त्या हक्कासाठी अर्ज भरून दिलेत, कारण पोटाचा प्रश्न असतो. पण प्रत्येक अर्ज भरताना हात जड होतो, कारण बापाचा झाडूच आपण पोराच्या हातात देतो.

कायद्याच्या बाबतीत तुम्हाला हे ठाऊक हवं. खासगी कंपनीत जातीवरून पगारात भेद केला म्हणून थेट दाद मागता येईल असं कलम आपल्या वेतन कायद्यांत नाही. १९७६ चा समान वेतन कायदा स्त्री-पुरुषांपुरता होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतली भेदभावबंदीही लिंगापुरतीच आहे. त्यामुळे आम्ही दाद मागतो ती 'समान काम' या बाजूने. २०१६ च्या जगजित सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांना समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. २०१७ मध्ये मुंबईतले २,७०० कंत्राटी सफाई कामगार त्याच न्यायालयातून कायम झाले, वर्षानुवर्षं लढून. नव्या कामगार संहितांमध्ये ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, पण तुमच्या ठेकेदाराच्या माणसाला मुदतीच्या नेमणुकीचं पत्र मिळालंय का, ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी मिळालेलं नसतं.

आता तुम्ही काय करावं. कर्मचाऱ्यांना जात विचारणारा फॉर्म वाटू नका. त्याने माणसं घाबरतील आणि खरं सांगणार नाहीत. माणसांऐवजी कामं मोजा. तुमच्या गेटमधून रोज आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची एक यादी करा, मग तो कुणाच्याही मस्टरवर असो. सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, कँटीन, माळी, ईटीपी, ड्रायव्हर सगळे. गेल्या पाच वर्षांत सफाईतून हेल्पर, हेल्परमधून ऑपरेटर असा किती जणांचा प्रवास झाला ते काढा. आकडा शून्य आला तर तो तुमच्या अहवालातला सगळ्यात खरा आकडा असेल. नव्या भरतीतले किती जण कुणाच्या ओळखीने आले तेही काढा, कारण ओळख आपल्याच माणसांतून फिरते. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये एक अट घाला: ठेकेदार बदलला तरी जुने कामगार जुन्या रुजू तारखेसह पुढे घेतले जातील, आणि ग्रॅच्युइटीची रक्कम दरमहा वेगळी काढून ठेवली जाईल. ही अट घालायला मुख्य कंपनीची परवानगी लागत नाही, आणि खर्च किती येतो ते वरच्या हिशोबावरून काढून बघा. माणशी महिन्याला सव्वासहाशे रुपये.

हे झालं की तक्त्यात 'लागू नाही'च्या जागी दोन ओळी लिहा: आमच्याकडे वंशाऐवजी जात आणि कंत्राट या दोन गोष्टींमधून फरक पडतो, त्याची मोजणी सोबत जोडली आहे. साहेब सही करायला कचरतील, तेव्हा सिएटलचं उदाहरण दाखवा.

आणि सोमवारी ऑफिसला गेलात की पहिल्यांदा हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराकडून मस्टर मागवा. रुजू तारखेचा रकाना आधी बघा. सगळ्यांची तारीख एकच असेल, ठेका सुरू झाला त्या दिवसाची, तर खाली जाऊन मावशींना विचारा की त्या या इमारतीत नक्की कधीपासून आहेत, आणि जुने पास ठेवलेत का.